पहिली ओळ रतनक्काची

शिवकन्येला पहिली ओळ कधीच सुचत नव्हती, आणि ही गोष्ट जगात दोनच बायकांना ठाऊक होती. त्यातली एक वैशाखात मेली.

मेली ती रतनबाई, शिवकन्येची रतनक्का. दोघी धर्मापुरीच्या अलीकडच्या वस्तीवरच्या, दोघींची घरं शेरडामेंढरांची, आणि पंचक्रोशीत कुठं लग्न निघालं की हळद दळायला बोलावणं या दोघींनाच. पीठ आता गिरणीत जातं. पण हळद जात्यावरच दळायची असते, आणि जातं फिरलं की ओवी लागते. खुंट्याला एक हात रतनक्काचा, एक शिवकन्येचा. रतनक्का पहिली ओळ टाकायची. कुठून आणायची देव जाणे, चिंच पडावी तशी टपकन पडायची. खुंटा फिरून आपल्या बाजूला येईस्तोवर शिवकन्या दुसरी ओळ जोडून मोकळी. त्या जोडण्यात तिचा हात धरणारी बाई तालुक्यात नव्हती.

"म्या सूत काढायचं आन तू गाठ मारायची," रतनक्का म्हणायची. "तुज्याबिगर माजं सूत वाऱ्यावर, माज्याबिगर तुजी गाठ कशाला मारतीस, बोटाला?"

शिवकन्या हसायची. पण ते बोलणं तिच्या जिव्हारी कुठंतरी रुतून होतं.

तिचा नवरा रामेश्वर यानं एका लग्नात दोघींचं दळण फोनवर टिपलं आणि सहज लोकांसाठी टाकून दिलं. ते पाहून अंबाजोगाईची स्वप्नाली स्कूटीवर वस्तीपर्यंत आली. ही पोरगी स्वतः गाणी रचायची, गिटारवर म्हणायची. कुठल्या कंपनीच्या दारात जायचं नाही, आपलं आपण रेकॉर्ड करायचं, कधी वाचनालयात तर कधी कुणाच्या गच्चीवर पन्नास माणसं जमवायची आणि गायचं, असा तिचा पंथ. तिनं शिवकन्येला आपल्या खोलीत नेलं. भिंतींना गोधड्या लावलेली ती खोली. तिथं शिवकन्येचं पहिलं गाणं झालं, मग दुसरं. रतनक्काला माइकपुढं बसवायला गेले तर ती म्हणाली, त्या डबड्यापुढं माजा आवाज लाजतो. तिनं ओळ बाहेरच्या ओसरीत शिवकन्येच्या कानात सांगायची आणि शिवकन्येनं आत जाऊन म्हणायची, असं चाललं.

गाणं फोनवर आलं तेव्हा त्याच्याखाली अक्षरं होती. गीत आणि गायन: शिवकन्या. रतनक्काला वाचता येत नव्हतं. तिनं बोट ठेवून विचारलं, काय लिवलंय गं. शिवकन्या म्हणाली, "आपल्या दोघींचं नाव."

रतनक्कानं त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं आणि फोन परत दिला.

त्यानंतर चार महिन्यांनी युसूफ वडगावच्या एका लग्नात दोघी हळद दळायला बसल्या होत्या. मांडवात बायका दाटलेल्या, ऊन पत्र्यावर वाजत होतं. रतनक्कानं ओळ टाकली:

*तळ्याच्या पाळीवरी कोन उभी एकली गं*

खुंटा शिवकन्येकडं आला तो एकटाच. समोरचा हात त्याच्यावर नव्हता. रतनक्का पाणी म्हणाली, पाणी आलं, तिनं ते घेतलं नाही. गाडीत घालून केजच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिला वस्तीच्या तळ्याच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याला, अग्नी दिला. तेरावं झालं आणि तिचा नवरा बंकट मेंढरं घेऊन लातूरकडं पोरीच्या गावाला निघून गेला. जाताना घराचे पत्रे उतरवून घेऊन गेला. राहिल्या चार मेढी, नुसते खांब.

आता, अर्ध्या ओवीचा एक रिवाज आहे, आणि तो शिवकन्येला नीट ठाऊक होता. दळता दळता एकीचा ठसका लागून ओवी अर्धी राहिली तर समोरचीनं पुरी करावी. पण अर्धी टाकून बाईचा जीवच गेला, तर त्या ओवीला हात लावायचा नाही. रिकामं जातं उलटं तीन फेरे फिरवायचं, 'तुजं तुला' म्हणायचं आणि उठायचं. पुरी केली तर गेलेली बाई समजते की दळण अजून चालू आहे. ती पुढची ओळ घेऊन येते.

शिवकन्येनं जातं फिरवलं नाही.

कारण असं झालं की, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वप्नालीचा फोन आला. पुण्यात एक मोठा जलसा होता, आपली गाणी आपणच रचणाऱ्यांचा. महिनाभरात नवीन सहा गाणी पाठवायची, निवड झाली तर एक अख्खी संध्याकाळ शिवकन्येची. तिचं नाव, तिचा आवाज, समोर पाचशे माणसं. खण-नारळाची ओटी घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात बसायचे ते दिवस संपले असते. शिवकन्या शेरडांमागं चार दिवस हिंडली, आभाळाकडं बघत, बाभळींकडं बघत. एक ओळ येईना. डोक्यात फक्त ती एकच होती, तळ्याच्या पाळीवरची, आणि ती किती सुरेख होती. पाचव्या दिवशी, शेरडं सावलीला बसली असताना, तिच्या तोंडातून दुसरी निघून गेली:

*सांज झाली तरी हिची शेरडं ना वळली गं*

तिनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. गाणं मात्र असं जमलं होतं की तिचं तिलाच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सूर्य डोक्यावर आणि पाखरू हलत नाही अशा वेळी, समोरून ओळ आली. मनात आली असं नव्हे. समोरून आली, हाताच्या अंतरावरून, जात्याच्या पलीकडून यावी तशी. जराशी घोगरी, शेवटाला चढणारी.

*चिंचंच्या सावलीला बसली गं घडीभर*

शिवकन्या मागं सरली. पण तोंडाला सवय होती. पंधरा वर्षांची सवय. तोंडानं जोडून टाकलं:

*पायाला न्हाई फोड, चालून आली कोसभर*

तिला भ्यायला हवं होतं, आणि ती भ्यालीही. पण त्या भीतीच्या खाली एक गोड समाधान होतं, ओढाळ शेळीच्या गळ्यात दावं पडल्यासारखं. दोन गाणी झाली. तिसरी ओळ आठ दिवसांनी आली, मारुतीच्या पाराची. उभी ऱ्हाऊन हात जोडं, एवढीच. त्यावर शिवकन्येनं जे जोडलं, ते 'भर उन्हात तिची सावली न पडं' असं होतं, आणि ते का जोडलं हे तिला सांगता आलं नसतं. स्वप्नालीनं ते रेकॉर्ड करताना कानावरचं काढून ठेवलं आणि दंडावरचा काटा दाखवला. ताई, ही तुमची सगळ्यात भारी गाणी आहेत, ती म्हणाली. लोकही तेच म्हणत होते. बीडहून, नांदेडहून, पार दुबईहून माणसं लिहीत होती. एकीनं लिहिलं होतं, ऐकताना माझ्याशेजारी कुणीतरी बसलंय असं वाटतं.

चौथं गाणं वस्तीच्या वाटेवरचं. *आली वस्तीच्या वाटंला, कुत्रं कसं भुकंना.* ते जोडून झालं त्या दुपारपासून त्यांचं कुत्रं, जे पोस्टमनच्या सायकलीला सुद्धा सोडत नसे, ते भिंतीला पाठ लावून गप पडून राहायला लागलं. रामेश्वर म्हणाला, ऊन लागलं असंल. मृग कोरडा चालला होता, ऊन होतंच. पण शेरडांचं काय. पहिल्या गाण्यापासूनच बरोबर बारा वाजता ती सगळी उठायची, रवंथ थांबवायची आणि तोंडं एकाच दिशेला करून उभी राहायची. तळ्याकडं. मग चिंचेकडं. मग पाराकडं.

पाचवं गाणं रेकॉर्ड होऊन आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी रामेश्वर शेरडांच्या वाड्याचं काटेरी कुंपण नीट करत बसला होता आणि फोनवर पाचही गाणी ओळीनं लावली होती, पुण्याला पाठवण्याआधी एकदा ऐकावीत म्हणून. पाचवं संपलं:

*सडा घातल्या आंगनी आली बाई, उभी ऱ्हाली*
*ओल्या मातीवर तिची पाऊलखून न्हाई झाली*

रामेश्वरनं हातातली काटी खाली ठेवली.

"शिवे, ही बाई कुठं निघालीय?"

"कोन बाई?"

"गान्यातली. तळ्यावरून निघाली. चिंचंखाली टेकली. मारुतीला हात जोडले, वस्तीवर आली." त्यानं अंगणाकडं पाहिलं. सकाळचा सडा अजून वाळला नव्हता. "आता आपल्या दारात उभी हाय. सहाव्या गान्याला च्या ठिवावा लागतो का काय?"

तो आपल्या विनोदावर हसला. शिवकन्या हसली नाही, तसा तोही थांबला. मग त्यानं हळूच विचारलं की रतनक्काची ती राहिलेली ओवी, तिचं जातं फिरवलं होतंस ना. शिवकन्या भांडं घासत राहिली.

सहावी ओळ दोन दिवसांनी आली. शिवकन्या घरात भाकरी थापत होती. दार उघडं होतं, उंबऱ्यापलीकडं ऊन पांढरं झालं होतं. ओळ तिथूनच आली, उंबऱ्याच्या बाहेरून.

*उंबऱ्याच्या म्होरं उभी, हाक मारू कुन्या नावं*

थापणारा हात थांबला. दुसरी ओळ तिच्या जिभेवर येऊन बसलीच होती, सगळी तयार, फक्त तोंड उघडायचा अवकाश. 'नावं' ला काय जुळतं हे दळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. *रतन गं माझे बाई, आता आत तूच यावं.* दुसरं काही बसतच नव्हतं. शिवकन्येनं पदर तोंडात कोंबला आणि पिठाच्या हातानं दार लावून घेतलं. भाकरी तव्यावर काळी झाली.

त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. बोलायला तोंड उघडलं की आधी ती ओळ बाहेर यायला बघायची. रामेश्वरला ती मानेनं हो-नाही सांगायची. पाणी पिताना, दात घासताना ओळ दातांना आतून धडका द्यायची. दुपारी दार लावलं की घराची भट्टी व्हायची, आणि बाहेरून काही म्हणजे काही आवाज यायचा नाही. दारावर थाप नाही, हाक नाही. बाहेर कुणीतरी रागावल्याशिवाय, कंटाळल्याशिवाय, आपली पाळी संपवून दुसरीच्या पाळीची वाट बघत उभं होतं. ते तसं उभं राहणं शिवकन्येच्या ओळखीचं होतं. रतनक्का जात्यावर अशीच थांबायची, खुंट्यावर हात ठेवून, भुवया जरा वर करून.

तिसऱ्या दिवशी स्वप्नालीचा फोन. चार दिवस राहिले होते. शिवकन्येनं कागदावर लिहून दाखवलेली सहाव्या गाण्याची पहिली ओळ रामेश्वरनं तिला आधीच कळवून टाकली होती.

"ताई, कावून अडलंय तुमचं? दुसरी ओळ तर समोर दिसतेय. 'नावं' ला 'यावं' च की. मी म्हणू का?"

शिवकन्या तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली. "तू म्हनू नको. सपने, तुजी आन हाय, म्हनू नको ती."

मग स्वप्नाली सांभाळून म्हणाली, की सहावं गाणं नसेल तर पाचही जाणार नाहीत, नियमच आहे. आणि ही ओळ नको असेल तर दुसरं गाणं करा. तुमचंच. नवीन.

तुमचंच, नवीन. शिवकन्येनं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. त्या पोरीला काय सांगणार? माझं नवीन असं काही नसतंच म्हणून? एवढी पाच गाणी, एवढी माणसं काटा आला म्हणणारी, आणि त्यात पहिली ओळ एकही हिची नाही. सगळी सुतं त्या उन्हात उभी असलेल्या बाईची. ही नुसती गाठी मारणारी. रतनक्काला घरात घ्यावं तर गाणं पुरं होत होतं, पुणं मिळत होतं, आणि पुढंही मिळत राहिलं असतं. रोज दुपारी एक ओळ, जन्मभर, घरातल्या घरात. घराची मग काय दशा झाली असती ते कुत्र्याकडं बघून कळत होतं. आणि न घ्यावं तर शिवकन्या कुणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माळ्यावरचं जातं उतरवलं. रामेश्वर शेरडं घेऊन गेला होता. तिनं जातं उंबऱ्याच्या आतल्या अंगाला मांडलं, दार उघडलं आणि खुंटा धरून उलटा फिरवला. एक फेरा झाला. दगडावर दगड करकरला. दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला खुंटा अर्ध्यावर थांबला. अडकला नव्हता. कुणीतरी पलीकडून धरला होता, जोर न लावता, नेहमीसारखा.

उशीर झाला होता. शिवकन्येला रडू फुटलं. ती खुंटा सोडून देणार होती. पण त्या थांबलेल्या हाताच्या ओळखीच्या वजनात तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं सोडला नाही. जातं सुलट्या अंगाला ओढलं. ते सुरळीत फिरायला लागलं. आणि त्या सहाव्या ओळीला कुठलाही जोड न देता, जन्मात पहिल्यांदा, शिवकन्येनं पहिली ओळ टाकली:

*उंबरा हा माझा, अक्का, तुझं घर तळ्यावर*

जातं फिरत राहिलं. खुंटा पलीकडं गेला. बराच वेळ लागला. पहिली ओळ टाकणाऱ्या बाईला गाठ मारायची सवय नव्हती. मग बाहेरच्या उन्हातून, अडखळत, आलं:

*एकलीला भ्या वाटं, चल शिवे वाटंवर*

आलेल्या बाईला गावच्या शिवेपर्यंत सोडायला जायची रीत आहे. शिवकन्या उठली. चपला घातल्या, डोईवर पदर घेतला, उंबरा ओलांडला आणि चालू लागली. शेजारी बघितलं नाही. पारापाशी आली तेव्हा तिनं आपली दुसरी ओळ टाकली, जी टाकायला तिला सगळ्यात जड गेलं:

*नाव तुझं गाळलं मी, खोटं बोलले तोंडावर*

या खेपेला उत्तर लगेच आलं, जसं काही केव्हाचं तयार होतं:

*ठावं व्हतं मला शिवे, आले त्याच बोलावर*

'आपल्या दोघींचं नाव', तो बोल. शिवकन्या थांबायला गेली. पण बाजूची पावलं, जी वाजत नव्हती, ती थांबली नाहीत, मग तिलाही थांबता येईना. चिंच गेली. बंकटच्या घराच्या चार मेढी गेल्या. तळ्यात पाणी नव्हतं, भेगांची माती होती, आणि पाळीवर ऊन एवढं की कडा थरथरत होत्या. पाळीच्या माथ्यावर तिनं आपली तिसरी ओळ टाकली:

*पाळीवर सोडते, अक्का, मागं वळून बघू नको*

आणि थांबली. उत्तर आलं नाही. वारा नव्हता. ती उभी राहिली, घाम वाळून पाठीवर मीठ होईस्तोवर. उत्तर आलं नाही. तिला ठाऊक होतं काय जुळतं. 'विसरू नको' जिभेवर येऊन बसलं होतं, दुसरं काही बसतच नव्हतं. म्हटलं असतं तर दळण चालू राहिलं असतं. शिवकन्येनं दात आवळले आणि त्या ओळीला तसंच, उघडं, पाळीवर ठेवून ती मागं फिरली. रस्ताभर तिनं हातानं तोंड धरलं होतं.

रामेश्वर टेकाडावरून बघत होता. घरी आल्यावर त्यानं तिला पाणी दिलं, चार वेळा तिच्याकडं बघितलं आणि मग म्हणाला, "जाताना तू वाटंच्या एका कडंनं चालत व्हतीस. अर्धी वाट मोकळी सोडून. येताना मधून आलीस."

बाहेर कुत्रं कुणावर तरी भुंकत होतं.

अंबाजोगाईच्या खोलीत तिनं आधी, जुन्या दोन गाण्यांसकट, सगळ्या गाण्यांखालची अक्षरं बदलायला लावली. गीत: रतनबाई आणि शिवकन्या. मग सहावं म्हटलं. फक्त आपल्या तीन ओळी, आणि प्रत्येकीनंतर दुसरी ओळ मावेल एवढी जागा. स्वप्नालीनं विचारलं, या रिकाम्या जागेत काय वाजवू ताई. शिवकन्या म्हणाली, काय वाजवू न्हाई, तिथं बाई हाय. स्वप्नाली हसली नाही. गिटार बाजूला ठेवून नुसती ऐकत बसली.

पहिली जागा गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीनंतर, 'बघू नको' खोलीत विरत असताना, शिवकन्येनं पाहिलं, स्वप्नालीचे ओठ हलले. पोरगी स्वतः गाणी रचणारी; उघडी ओळ समोर दिसली की तिचंही तोंड आपोआप जोडायला जाणार. 'वि' म्हणायला दात ओठावर टेकले होते. शिवकन्येनं झेप घेऊन तिच्या तोंडावर तळहात दाबला. दोघी तशाच राहिल्या, डोळ्यांत डोळे घालून, जागा संपेस्तोवर. रेकॉर्डिंगमध्ये त्या ठिकाणी दोन बायकांचे श्वास ऐकू येतात. बाकी काही नाही. गाणं तसंच पाठवलं.

पंधरा दिवसांनी पुण्याहून बोलावणं आलं. सहावंच गाणं त्यांना सगळ्यात आवडलं होतं, आणि शेवटाला तेच म्हणा असा आग्रह होता. रामेश्वरनं गाडीची चौकशी केली, स्वप्नालीनं दोन वेळा रडून घेतलं. शिवकन्येनं मात्र एकच विचारलं. समोर किती माणसं असतील?

पाचशे, स्वप्नाली म्हणाली. जास्तच.

शिवकन्या आपल्या तळहाताकडं बघत राहिली.